जुना ट्रम्पेट घ्यायचाय? आधी पिस्टन बघा

माझा पहिला ट्रम्पेट मी फोटो बघून घेतला. पितळ असं लखलखत होतं की बाकी काही विचारायचं सुचलंच नाही. घरी आणल्यावर तिसरा पिस्टन (बोटाने दाबायची कळ) दाबला की वर यायला वेळ लावायचा आणि सूर जुळवायची सरकती नळी, म्हणजे ट्यूनिंग स्लाइड, जागची हलायची नाही. पण हे दोष आहेत हेच मला तेव्हा कळलं नाही. वर्षभर मी धरून चाललो होतो की माझाच श्वास कमी पडतोय, माझेच ओठ जमत नाहीयेत. मग एकदा तालमीत शेजारी बसणाऱ्या काकांनी त्यांचा ट्रम्पेट दोन मिनिटं माझ्या हातात दिला. जो तार सा काढायला मी रोज धडपडत होतो, तो पहिल्या फुंकेत लागला.

मुरलेल्या वादकाला वाद्यातली खोट लगेच कळते. शिकणारा माणूस मात्र वाद्याचा दोष स्वतःच्या माथी घेतो, आणि काही महिन्यांनी वाद्य केसमध्ये बंद होऊन माळ्यावर जातं. तसं कुणाचं होऊ नये म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

काय शोधायचं

ट्रम्पेट हे जुनं घेण्यासारखं वाद्य आहे. साधारण दीड मीटर लांबीची पितळी नळी आणि तीन पिस्टन, एवढाच त्याचा संसार. क्लॅरिनेटसारखं लाकूड तडकायची भीती नाही, सॅक्सोफोनसारखे डझनांनी पॅड बदलायचे नाहीत. नीट सांभाळलेला ट्रम्पेट चाळीस-पन्नास वर्षं सहज वाजतो. त्यामुळे स्वस्तातल्या नव्या वाद्याच्या किमतीत थोडी भर घातली की चांगल्या घराण्याचं जुनं वाद्य हाती येऊ शकतं, आणि माझं मत विचाराल तर दरवेळी जुनंच घ्यावं.

घ्यायचा तो बी फ्लॅट ट्रम्पेट. आपल्या भाषेत सांगायचं तर ज्याचा मोकळा सूर काळी पाच आहे तो. सी किंवा ई फ्लॅटचे ट्रम्पेट असतात, पण ती ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्यांची गरज. जाहिरातीतल्या शब्दावर विसंबू नका. कॉर्नेट, फ्लुगलहॉर्न ही ट्रम्पेटची भावंडं, इतकंच काय पण एकही पिस्टन नसलेला बिगुलसुद्धा लोक 'ट्रम्पेट' म्हणून विकायला काढतात. कॉर्नेट वाईट नाही, मुलांच्या हाताला तर तो फार बरा पडतो, पण त्याचा माउथपीस, म्हणजे ओठांना लावायचा तुकडा, वेगळ्या दांड्याचा असतो.

शिकणाऱ्यासाठी यामाहाचे वायटीआर-२३३५, २३३० आणि त्यावरच्या पायरीचा ४३३५ हे डोळे झाकून... नाही, डोळे उघडे ठेवूनच, पण पहिल्यांदा शोधावेत. सुटे भाग मिळतात, दुरुस्तीवाले ते ओळखतात, आणि पुढे विकायचा झाला तर गिऱ्हाईक मिळतं. बाखचा टीआर-३००, ज्युपिटरचे ट्रम्पेटही याच पंगतीतले. अमेरिकेतल्या ओल्ड्स कंपनीचा अँबॅसडर दिसला तर सोडू नका. ती कंपनी १९७९ मध्ये बंद पडली, पण तिचे ट्रम्पेट अजून शाळांमधून, घराघरांतून वाजताहेत. बाख स्ट्रॅडिव्हेरियस या ट्रम्पेटचं नाव सगळ्यांच्या तोंडी असतं. व्हिन्सेंट बाख यांनी १९६१ मध्ये आपली कंपनी सेल्मर या कंपनीला विकली, त्याआधीचे न्यूयॉर्कजवळच्या माउंट व्हर्ननमध्ये घडलेले ट्रम्पेट संग्राहक शोधत फिरतात. हौशी वादकाने त्या नावासाठी जास्तीचे पैसे मोजायची गरज नाही.

आपल्याकडे सर्वांत जास्त दिसतात ते मेरठचे ट्रम्पेट. मेरठच्या जली कोठी भागात पितळी वाद्यं बनवणारे कारखाने पिढ्यान्‌पिढ्या आहेत, आणि देशभरातल्या कितीतरी लग्नाच्या बँडना तिथूनच वाद्यं जातात. वरातीत, रस्त्यावर, धुळीत मोठ्यांदा वाजेल आणि परवडेल असं वाद्य ते बनवतात, त्या कामाला ते उपयोगी आहे. पण घरी बसून हळू सुरात रियाज करायचा असेल तर वेगळं वाद्य लागतं. मेरठचंच घ्यायचं असेल तर नवं घ्या आणि दुकानात चार वाजवून एक निवडा. बँडमध्ये दहा-बारा हंगाम काढलेलं घेऊ नका.

एक सापळा जुन्या ब्रिटिश वाद्यांचा. तिकडच्या ब्रास बँडांचा सूर १९६० च्या दशकापर्यंत चढा असायचा, ए हा स्वर ४५२ हर्ट्झच्या आसपास. आजचं प्रमाण ४४०. हा फरक अर्ध्या स्वराच्याही जवळजवळ निम्मा आहे, स्लाइड थोडी ओढून तो भरून निघत नाही. मुंबई-पुण्याच्या जुन्या बाजारात असं वाद्य कधी समोर येतं, दिसतंही देखणं, पण पेटीबरोबर ते जन्मात लागणार नाही.

कुठे शोधायचं

सगळ्यांत चांगला ट्रम्पेट वाजवणाऱ्या माणसाकडून मिळतो. गोव्यात पोर्तुगीज काळापासून चर्चच्या शाळांमधून मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपी आणि वाद्यं शिकवली जायची. तिथून वादक मुंबईला आले, धोबीतलावच्या कुडांमध्ये, म्हणजे गोवेकरांच्या सामाईक वसतिगृहांत, राहिले, हॉटेलांच्या जॅझ बँडमध्ये आणि सिनेमाच्या रेकॉर्डिंगला वाजवू लागले. सी. रामचंद्रांच्या संगीतात ज्यांचा ट्रम्पेट घुमला ते चिक चॉकलेट, म्हणजे अँतोनियो झेवियर वाझ, मूळचे बार्देशातल्या हळदोण्याचे. अशा घरांमध्ये वडिलांचं, आजोबांचं वाद्य कपाटावर असतं आणि वाजवणारं कुणी नसतं. वांद्रे, माहीम, म्हापसा, मडगाव इथे ओळख काढून विचारा. संगीत शिकवणाऱ्या सरांकडे, चर्चच्या गायनवृंदात शब्द टाकून ठेवा. निवृत्त पोलीस आणि लष्करी बँडवाल्यांनाही भेटा.

धोबीतलावला १८६५ पासूनचं फुर्टाडोज आहे. तिथे नव्या वाद्यांचा भाव विचारून या. नव्याची किंमत ठाऊक असल्याशिवाय जुन्याच्या घासाघिशीला पाया नसतो. मुंबईचा चोरबाजार आणि पुण्याचा बुधवार-रविवारचा जुना बाजार इथलं बहुतेक पितळ दिवाणखान्यात टांगण्यासाठी असतं. हिंडायला जरूर जा, पण वाजवून बघू न देणाऱ्याकडून काही घेऊ नका.

ऑनलाइन जाहिरात असेल तर फोटोवर न थांबता तीन गोष्टी मागा: मधल्या पिस्टनच्या घरावर (तो ज्या नळकांड्यात सरकतो त्यावर) कोरलेला सीरियल नंबर, बाहेर काढलेल्या तिन्ही पिस्टनचा उजेडातला फोटो, आणि कुणीतरी तो वाजवतानाचा व्हिडिओ. टाळाटाळ झाली तर पुढे जा. नंबर खोडलेला असेल किंवा बेलवर, म्हणजे पुढच्या फुलत्या तोंडावर, एखाद्या शाळेचं, पलटणीचं नाव असेल तर तो विक्रेत्याकडे कसा आला हे स्पष्ट विचारा. परदेशातून मागवणार असाल तर पाठवणावळ, सीमाशुल्क आणि कर धरून बेरीज करा. माझ्या दोन मित्रांना ती बेरीज पार्सल घरी पोचल्यावर कळली.

निघताना पिशवीत स्वतःचा माउथपीस, पिस्टनला घालायच्या व्हॉल्व्ह ऑइलची बाटली, धुवट सुती कापड आणि फोनमध्ये ट्यूनर व तानपुऱ्याचं अ‍ॅप एवढं घ्या. माउथपीस आधी विकत घेतलेला बरा. बाखचा ७ सी किंवा यामाहाचा ११ बी ४ बहुतेक नवशिक्यांना चालतो. प्रत्येक ट्रम्पेटबरोबर वेगळा माउथपीस वाजवलात तर तुलनाच होत नाही. आणि शक्य असेल तर तुमच्याहून बरं वाजवणारं माणूस सोबत न्या. चहा-वडापाववर येणारे लोक असतात.

पिस्टन

ट्रम्पेटचा जीव पिस्टनमध्ये आहे. बाकी बहुतेक दुरुस्त्या परवडतात, झिजलेले पिस्टन नाहीत. त्यांना नव्याने प्लेटिंग करून घरात बरोबर बसवायचं म्हणजे बरेचदा वाद्याच्या किमतीपेक्षा जास्त खर्च, आणि ते करणारा कारागीर शोधणं आणखी कठीण.

आधी न वाजवता तिन्ही पिस्टन एकेक करून दाबा. अगदी सावकाश, बोट किंचित तिरकं ठेवून. खरखर किंवा अडकल्याची जाणीव होते का? मग झटकन दाबून सोडा, तो टपकन वर यायला हवा. कोरडा असेल तर तुमचं तेल घाला आणि पुन्हा बघा. तेल घालूनही हळू येत असेल तर बहुधा घर चेपलंय किंवा पिस्टन वाकलाय. दाबताना धातूचा खटखट आवाज आला तर काळजी नको, आतली नमद्याची चकती गेलेली असते, ती किरकोळ खर्चात बदलते.

आता विक्रेत्याला विचारून वरची टोपी हाताने उघडा आणि पहिला पिस्टन सरळ वर ओढा. कापडावर ठेवा. दुसरा, तिसरा, याच क्रमाने. प्रत्येकावर १, २, ३ असा आकडा असतो, तो बघून ठेवा. परत घालताना आकडा बहुतेक ट्रम्पेटमध्ये माउथपीसच्या बाजूला येतो, फिरवला की बारीक 'टक' असा आवाज होऊन जागेवर बसतो. चुकीच्या दिशेने बसला की फुंकर आत जातच नाही. कित्येक चांगली वाद्यं एवढ्याशा चुकीमुळे 'बिघडलेली' म्हणून विकली जातात, त्यामुळे 'फुंकलं तर हवाच जात नाही' अशी जाहिरात दिसली तर मी मुद्दाम बघायला जातो.

पिस्टन पुसा आणि खिडकीशी न्या. मोनेल या मिश्रधातूचा असेल तर करडा दिसेल, निकेलचं प्लेटिंग असेल तर चांदीसारखा. प्लेटिंगमधून पिवळट-तांबूस पट्टे डोकावत असतील तर तो झिजला आहे. उभे बारीक ओरखडे थोडे चालतात, नखाला लागणारे नाहीत. मग पिस्टन अर्धा घरात सोडून दोन बोटांनी हलवून बघा. नुसता सरकावा, डुगडुगू नये.

सगळ्यात खात्रीची चाचणी मात्र हवेची. पिस्टन परत बसवून नेहमीचं पातळ तेल घाला. आता एकही पिस्टन न दाबता पहिल्या पिस्टनला जोडलेली स्लाइड दोन सेंटिमीटर बाहेर ओढा आणि मनात आठ-दहा आकडे मोजा. मग पूर्ण ओढून काढा. 'पॉक' असा आवाज आला की समजा पिस्टन हवा धरून आहे, कारण आत पोकळी टिकून होती. काहीच आवाज न होता स्लाइड निघून आली तर हवा पिस्टनच्या कडेने निसटतेय. दुसऱ्या आणि तिसऱ्या स्लाइडलाही हेच करा. काही विक्रेते झीज झाकायला जाड तेल ओततात, म्हणून आधी पुसून स्वतःचं तेल घालायचं. स्लाइड स्वतःच ढिली असेल तरी आवाज येत नाही, तेव्हा तिला थोडं ग्रीस लावून पुन्हा तपासा आणि मगच निकाल द्या.

लीडपाइप आणि तांबूस डाग

माउथपीस जिथे बसतो तिथून ट्यूनिंग स्लाइडपर्यंतची सरळ नळी म्हणजे लीडपाइप. तुमच्या श्वासातली वाफ, थुंकी, जेवल्यावर चूळ न भरता वाजवलं तर अन्नाचे अंशसुद्धा पहिल्यांदा तिथेच साचतात. बिनकल्हईच्या पितळी पातेल्यात ताक ठेवलं की कळकतं, हे आपल्याला घरातून माहीत असतं. लीडपाइपमध्ये तसंच काहीतरी वर्षानुवर्षं चालू असतं. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. त्यातलं जस्त हळूहळू निघून जातं आणि ठिसूळ, सच्छिद्र तांबं मागे राहतं. बाहेरून ते गुलाबी-तांबूस गोल डागासारखं दिसतं, बरेचदा मध्ये गडद ठिपका असतो.

हा डाग आतून बाहेर आलेला असतो, म्हणून पॉलिशने जात नाही. लॅकर (पितळावरचा पारदर्शक लेप) उडून बाहेरून काळवंडलेलं किंवा हिरवं झालेलं पितळ वेगळं, ते पुसून निघतं आणि आवाजाला काही होत नाही. माझ्या आताच्या ट्रम्पेटचं लॅकर तर निम्मं गेलंय. डाग ओळखायला ट्यूनिंग स्लाइड काढा, लीडपाइपच्या एका टोकाला फोनचा टॉर्च धरा आणि दुसऱ्या टोकातून बघा. आत गुळगुळीत, चमकती नळी दिसली तर उत्तम. हिरवा-पांढरा थर दिसला तर धुऊन बघता येईल. खडबडीत, खड्डे पडलेली नळी आणि बाहेर तांबूस डाग असं दोन्ही असेल तर लीडपाइप बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करा, नाहीतर सोडून द्या.

पोचे, डाख आणि अडकलेल्या स्लाइड

जुन्या ट्रम्पेटवर पोचे असणारच. बेलच्या कडेला, मागच्या वळणावर असलेल्या लहान पोच्यांनी आवाजाला फरक पडत नाही आणि ते काढताही येतात. लीडपाइपवरचा पोचा मात्र गंभीर आहे, आणि पिस्टनच्या घरावरचा दिसला तर वाद्य परत ठेवा. ट्रम्पेट डोळ्यासमोर आडवा धरून बघा, बेल आणि लीडपाइप समांतर आहेत ना? पडून वाकलेला असेल तर लगेच लक्षात येतं. उजेडात तिरका धरला की बेलच्या वळणावर पूर्वीची घडी आणि तिच्यावरची दुरुस्तीही दिसते.

नळ्यांमधले आधार हलक्या हाताने हलवून बघा. डाख सुटला असेल तर वाजवताना झणझण येते. पुन्हा डाखणं सोपं आहे, पण ते वाद्यं दुरुस्त करणाऱ्याकडूनच. कुणी जाड गोळ्यांनी डाखलेलं दिसलं तर आणखी काय केलं असेल याचा विचार करा.

चारही स्लाइड निघायला हव्यात. तिसरी तर बोटाने वाजवतानाच पुढेमागे सरकली पाहिजे, कारण सांगतोच पुढे. अडकलेली स्लाइड किंवा माउथपीस विक्रेत्याच्या घरी पकडीने, फडक्याने ओढायला जाऊ नका. नळी पिळवटली की नुकसान तुमच्या नावावर. माउथपीस काढायचं साधं ओढणी-यंत्र दुरुस्तीवाल्याकडे असतं, स्लाइडला तो हळूहळू ऊब देऊन सोडवतो.

वाजवून बघताना

पाच मिनिटं हळू सुरात वाजवून वाद्य तापू द्या. ट्यूनिंग स्लाइड एक-दीड सेंटिमीटर बाहेर ठेवा आणि तानपुरा काळी पाचवर लावा. मोकळ्या बोटांनी सा, प, तार सा लागतात. स्लाइड पूर्ण आत ढकलूनही सूर उतरलेलाच राहत असेल तर कुठेतरी गडबड आहे.

मग सप्तक चढा: रे पहिल्या-तिसऱ्याने, ग पहिल्या-दुसऱ्याने, म पहिल्याने, प मोकळा, ध पुन्हा पहिल्या-दुसऱ्याने, नी दुसऱ्याने. प्रत्येक स्वर लांब धरा. एखादाच स्वर कोंडलेला, घोगरा वाटतोय का? आता ध एकट्या तिसऱ्या पिस्टनने वाजवा. सूर किंचित उतरेल, ते सगळ्याच ट्रम्पेटमध्ये होतं. पण आवाजाचा पोत बदलला, कोंदट झाला, तर तिसऱ्यातून हवा जातेय किंवा पिस्टनची भोकं नळ्यांच्या समोर नीट येत नाहीयेत.

खालचा रे आणि कोमल रे ट्रम्पेटमध्ये मुळातच चढे असतात. ते खाली आणण्यासाठी वाजवताना तिसरी स्लाइड बाहेर ढकलावी लागते. ती घट्ट असेल तर आयुष्यभर ते दोन स्वर बेसूर लागतील, आणि आपल्या गाण्यांत रे टाळून कुठे जाणार?

आवाज एकूणच फुसका वाटला तर निराश होण्याआधी पाणी काढायची चावी बोटाने घट्ट दाबून पुन्हा वाजवा. आवाज सुधारला तर फक्त चावीखालचं बूच झिजलंय, ते अगदी थोडक्यात बदलून मिळतं. ही युक्ती मला वांद्र्याच्या एका निवृत्त वादकांनी दाखवली. त्यांच्या गच्चीत बसून मी त्यांचा ट्रम्पेट बघत होतो आणि सूर हवा मिसळल्यासारखा येत होता. मी गप्प झालो. त्यांनी न बोलता करंगळी चावीवर ठेवली, मान हलवली, आणि मी पुन्हा फुंकलं. प असा स्वच्छ आला की खाली गल्लीतल्या पोरांनी वर बघितलं.

शेवटी सोबतच्या माणसाला वाजवू द्या आणि तुम्ही खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभे राहा. वाजवणाऱ्याच्या कानात एक आवाज पडतो आणि समोरच्याच्या कानात वेगळा.

भाव

माझा हिशेब साधा आहे. आज दुकानात तोच किंवा त्या दर्जाचा नवा ट्रम्पेट केवढ्याला मिळतो? पिस्टन आणि लीडपाइप निर्दोष असतील तर त्याच्या निम्मे, फार तर दोन तृतीयांश. त्यातून दुरुस्ती वजा. बूच, नमद्याच्या चकत्या, एखादा पोचा यांसाठी थोडं. केस तुटकी, माउथपीस नाही, यासाठी आणखी थोडं. पिस्टन झिजलेले असतील तर कितीही स्वस्त मिळत असला तरी नको. 'अँटिक आहे' म्हणून कुणी भाव चढवला तर ऐकून घ्या, पण वाजवण्यासाठी घेताना वय ही पैसे वाढवायची गोष्ट नाही. आणि एखाद्या वृद्ध वादकाने मनापासून सांभाळलेलं वाद्य योग्य भावात देऊ केलं तर शेवटच्या हजारासाठी ताणू नका. विकल्यावरही ते तुम्हाला चार गोष्टी सांगतील. पावती मात्र घ्या, साध्या कागदावर सीरियल नंबर लिहून सही असली तरी चालेल.

घरी आणल्यावर

पहिल्या दिवशी आंघोळ. पिस्टन, टोप्या, स्लाइड काढा. बादलीत कोमट पाणी आणि भांड्याच्या लिक्विड सोपचे थेंब. गरम पाणी नको, लॅकर सुटतं. लांब लवचीक ब्रश नळ्यांमधून फिरवा, खासकरून लीडपाइपमधून, निघणारा चोथा बघून दुसऱ्याच्या श्वासाची वर्षं कळतात. पिस्टन वेगळे धुवा, नमद्याच्या चकत्या भिजू देऊ नका. चिंच, लिंबू, राख, भांडी घासायची पूड यांपैकी काहीही लॅकरवर किंवा चांदीच्या मुलाम्यावर लावू नका, घरच्यांनी कितीही आग्रह केला तरी. माउथपीसच्या कडेचा मुलामा उडाला असेल तर तो बदला, उघडं पितळ ओठांना बाधू शकतं.

रात्रभर पंख्याखाली वाळू द्या. सकाळी स्लाइडला ग्रीस, पिस्टनला तेल. पावसाळ्यात मुंबई-कोकणात केसच्या अस्तराला बुरशी येते, म्हणून केसही उन्हात ठेवा आणि आत सिलिका जेलची पुडी टाका. पहिले पंधरा दिवस रोज वाजवायच्या आधी तेल घाला. जुनं साचलेलं सुटत राहतं आणि पिस्टन अधूनमधून अडखळतात, तेव्हा घाबरू नका, काढा, पुसा, तेल घाला, परत बसवा. महिन्याभराने हवेची 'पॉक' चाचणी पुन्हा करून बघा.